एकाची उचल दुसऱ्याच्या पट्टीत: सामायिक राहिलेला ऑब्जेक्ट कसा शोधायचा

दसरा उलटला की लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक चढू लागते आणि त्याबरोबर माझ्याकडे येणारे फोनही वाढतात. लातूर, उदगीर, अंबाजोगाई या पट्ट्यातल्या आडत दुकानांची, डाळ मिलची आणि दूध संकलन केंद्रांची सॉफ्टवेअर मी सांभाळतो. काही मी लिहिलेली आहेत, बरीचशी दुसऱ्या कुणी लिहून सोडून दिलेली. कुठे पायथॉन, कुठे जावा, कुठे नोडवरची जावास्क्रिप्ट. भाषा वेगळ्या, दुकानं वेगळी, पण एक बिघाड मला पुन्हा पुन्हा भेटलाय. एका माणसाची माहिती दुसऱ्याच्या नावावर निघते, आणि कोड वाचून पाहिला तर कुठेच चूक दिसत नाही.

पहिल्यांदा भेटला तो प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे. संध्याकाळी आडतीच्या गादीवर मुनीमजींनी माझ्यापुढे दोन पट्ट्या (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाचे कागद) शेजारी शेजारी ठेवल्या. पहिली पट्टी: सोयाबीन १४ क्विंटल, दर ४,२००, एकूण ५८,८००. त्यातून उचल (आधी घेतलेले आगाऊ पैसे) ५,००० आणि हमाली-तोलाई ४२० वजा, हाती ५३,३८०. बरोबर. दुसरी पट्टी दुसऱ्या शेतकऱ्याची: ९ क्विंटल, दर ४,२५०, एकूण ३८,२५०. त्याची हमाली-तोलाई २७०. हाती पडायला हवे होते ३७,९८०, पट्टीवर छापले होते ३२,५६०. तो शेतकरी समोरच उभा होता. म्हणाला, "मुनीमजी, ह्या साली म्या उचल घेतलीच नाही, मग ही कुणाची कापली ओ?"

ते सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. मी तीन दिवस बेरीज-वजाबाकीचा कोड तपासत बसलो. बेरीज बरोबरच होती. चूक वेगळ्या जागी होती, आणि ती जागा कशी शोधायची हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते तीन दिवस वाचले असते. नांदेड-लातूरच्या कॉलेजांतून बाहेर पडून पहिल्यांदा खऱ्या दुकानाचं सॉफ्टवेअर हातात घेणाऱ्यांसाठी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लक्षणं

खालीलपैकी दोन-तीन जरी जुळत असतील तर पुढे वाचा.

- पहिली नोंद बरोबर निघते, दुसरीत पहिलीचं काहीतरी मिसळतं, तिसरीत दोघांचंही. दिवस चढतो तशी चूक फुगत जाते.
- प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला की सगळं ठीक. दुकानदार सांगतो, "सकाळी बरोबर असतं, संध्याकाळी बिघडतं."
- तुमच्या लॅपटॉपवर चाचणी घेतली तर चूक दिसत नाही, कारण तुम्ही एकाच शेतकऱ्याची नोंद करून बघता.
- यादीत दहा ओळी आहेत, पण दहाही ओळींत शेवटच्याच माणसाचं नाव.
- एका स्क्रीनवर तारीख किंवा दर बदलला की ज्याला हातही लावला नव्हता अशी दुसरी नोंद बदलते.
- गर्दीच्या वेळीच, दोघं-तिघं एकदम काम करताना, माहिती सरमिसळ होते. एरवी नाही.

शेवटचं लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जातीचं आणि जास्त गंभीर आहे. त्याबद्दल खाली स्वतंत्र लिहिलंय. तुमच्याकडे तेवढं एकच लक्षण असेल तर मधल्या तपासण्या वरवर करा आणि थेट तिथे जा.

होतं काय नेमकं

आपल्याकडे सामायिक विहीर असते तसं समजा. दोन भावांची दोन शेतं, सातबारे वेगळे, पण विहीर एक. थोरल्याने मोटार लावली की धाकट्याचं पाणी खाली जातं. धाकटा स्वतःच्या शेतात कितीही शोधत फिरला तरी त्याला कारण सापडणार नाही, कारण त्याच्या शेतात काही बिघडलेलंच नसतं.

पायथॉन, जावा, सी-शार्प, जावास्क्रिप्ट या भाषांत व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट (मेमरीत ठेवलेली वस्तू, जसं एक पट्टी किंवा एक यादी) नसतो, ऑब्जेक्टकडे जाणारा रेफरन्स (त्याचा पत्ता) असतो. 'ब बरोबर अ' असं लिहिलं की ऑब्जेक्टची नक्कल होत नाही, त्याच ऑब्जेक्टला दुसरं नाव मिळतं. आकडा किंवा स्ट्रिंग असेल तर या भाषांत फरक पडत नाही, कारण ती जागच्या जागी बदलताच येत नाहीत. पण यादी, डिक्शनरी, तुमच्या क्लासचा (म्हणजे साच्याचा) ऑब्जेक्ट या बदलता येणाऱ्या गोष्टी आहेत. एका नावाने बदल केला की दुसऱ्या नावानेही तो दिसतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन शेतकरी होते, दोन पट्ट्या होत्या, पण कपातींची यादी एकच होती.

म्हणून सगळ्या तपासण्यांमागे एकच प्रश्न धरून ठेवा: इथे नावं किती आणि ऑब्जेक्ट किती?

पहिली तपासणी: कागद आणि पेन

कोड उघडण्याआधी चुकलेली रक्कम आणि बरोबर रक्कम यांची वजाबाकी करा. वरच्या पट्टीत ३७,९८० वजा ३२,५६०, म्हणजे ५,४२०. आता आधीच्या पट्टीकडे बघा: ५,००० अधिक ४२०. फरक आधीच्या नोंदीतल्या कपातीशी रुपयाला रुपया जुळतो.

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यातून फार मोठी गोष्ट कळते. फरक विचित्र असता, काही पैशांचा किंवा टक्क्यांचा असता, तर दोष हिशेबात किंवा राउंडिंगमध्ये शोधावा लागला असता. फरक दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तंतोतंत जुळला की हिशेबाचा कोड सोडून द्या. तो निर्दोष आहे. मी हे केलं नव्हतं, म्हणून तीन दिवस गेले.

दुसरी तपासणी: बंद करून चालू करा, पण आधी डेटाबेस बघा

प्रोग्राम बंद करण्याआधी डेटाबेसमधली ती नोंद थेट उघडून बघा. तिथे आकडा बरोबर आहे आणि स्क्रीनवर चूक, तर गडबड मेमरीतली आहे. तिथेही चुकीचाच आकडा असेल तर मेमरीतली चूक सेव्ह होऊन बसलीय. मग कामाला घाई आहे, कारण रोज खोटी नोंद पक्की होतेय. आधी बॅकअप घ्या. आणि डेटाबेसमध्ये हाताने आकडे दुरुस्त करायला बसू नका. दुकानदार मागे उभा राहून घाई करतो, मोह होतो, पण मूळ चूक जिवंत असताना केलेली दुरुस्ती तासाभरात पुन्हा बिघडते आणि खरं काय होतं याचा पुरावाही हातचा जातो.

मग प्रोग्राम पुन्हा चालू करा. चूक गेली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नोंदीला परत आली, तर निदान जवळजवळ पक्कं: काहीतरी असं आहे जे प्रोग्राम चालू असेपर्यंत जगतं आणि सगळे मिळून वापरतात.

तिसरी तपासणी: दोन शेतकऱ्यांची चाचणी

चाचणीत नेहमी किमान दोन ऑब्जेक्ट घ्या. एकाच ऑब्जेक्टवर हा बिघाड कधीच दिसत नाही, आणि बहुतेकांच्या चाचण्या एकाच ऑब्जेक्टवर असतात. पहिली पट्टी बनवा, तिला कपात लावा. दुसरी बनवा, तिला काहीच लावू नका. दुसरीच्या कपाती शून्य आहेत का ते तपासा. पाच ओळींची चाचणी आहे. चूक सापडल्यावरही ती ठेवून द्या, पुढच्या हंगामात कुणी तोच कोड पुन्हा बिघडवला तर तिथेच अडकेल.

ही चाचणी फसली की दोन्ही पट्ट्यांच्या याद्या खरंच वेगळ्या आहेत का ते भाषेलाच विचारा. पायथॉनमध्ये 'इज', जावात दोन बरोबर चिन्हं, जावास्क्रिप्टमध्ये तीन, सी-शार्पमध्ये 'रेफरन्स-इक्वल्स'. उत्तर 'खरं' आलं तर यादी एकच आहे. इथे पायथॉनमधल्या एका फसवणुकीपासून सावध राहा. 'आयडी' फंक्शनने आकडा छापून ताडून बघायची अनेकांना सवय असते. पण पहिला ऑब्जेक्ट मेमरीतून गेल्यावर नव्या ऑब्जेक्टला तोच आकडा मिळू शकतो. दोन्ही ऑब्जेक्ट जिवंत असताना विचारलं तरच उत्तरावर विश्वास ठेवा. जावातल्या 'आयडेंटिटी-हॅशकोड'चंही तसंच आहे, तो वेगळाच असेल याची हमी नसते.

चौथी तपासणी: ऑब्जेक्ट जन्माला कुठे येतो

बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो. माझाही इथेच सापडला.

पायथॉनमध्ये फंक्शनच्या पॅरामीटरला डीफॉल्ट (काहीच दिलं नाही तर वापरायची किंमत) म्हणून रिकामी यादी, म्हणजे रिकामा चौकटी कंस, दिला की ती यादी फंक्शन प्रत्येक वेळी बोलावताना नव्याने बनत नाही. 'डेफ'ची ओळ (जिथे फंक्शनची व्याख्या होते) चालते तेव्हा एकदाच बनते आणि मग दर वेळी तीच वापरली जाते. माझ्या पट्टी क्लासच्या 'इनिट'मध्ये (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) 'कपाती' या पॅरामीटरला रिकामी यादी डीफॉल्ट होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंतची प्रत्येक पट्टी त्याच एका यादीत कपाती टाकत होती. उपाय: डीफॉल्ट 'नन' (म्हणजे काहीच नाही) ठेवा आणि आत 'नन आलं तर नवी यादी बनव' असं लिहा. डेटाक्लास (माहिती ठेवण्यासाठीचा पायथॉनचा तयार क्लास) वापरत असाल तर 'फील्ड' आणि 'डीफॉल्ट-फॅक्टरी'. तिथे सरळ रिकामी यादी दिली तर पायथॉन स्वतःच 'व्हॅल्यू-एरर' देऊन अडवतो, हे फार बरं केलंय.

पायथॉनमध्येच दुसरी जागा म्हणजे क्लासच्या अंगावर लिहिलेली यादी. 'इनिट'च्या बाहेर, थेट क्लासखाली लिहिलेली यादी सगळ्या ऑब्जेक्टची मिळून एक असते. हे कळायला अवघड जातं याला कारण आहे. तिथेच एखादा आकडा लिहून 'सेल्फ डॉट संख्या अधिक-बरोबर १' केलं तर प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःचा आकडा मिळतो आणि सगळं ठीक चालल्यासारखं वाटतं. यादीला मात्र अधिक-बरोबर केलं की ती सामायिक यादीच जागच्या जागी वाढते. दिसायला एकच लिखाण, वागणूक दोन तऱ्हांची. क्लासखाली फक्त न बदलणाऱ्या गोष्टी ठेवायच्या, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

जावा आणि सी-शार्पमध्ये हेच काम 'स्टॅटिक' करतो: ती फील्ड (क्लासमधलं व्हेरिएबल) सगळ्या ऑब्जेक्टची मिळून एकच राहते. 'स्टॅटिक' लिहिलेली प्रत्येक फील्ड शोधा आणि विचारा, ही बदलते का? बदलत असेल तर ती तिथे का आहे? "दुसऱ्या क्लासमधून पटकन मिळावी म्हणून" असं उत्तर आलं तर दोष सापडला समजा.

आणि दहाही ओळींत शेवटचंच नाव येत असेल तर लूप बघा. 'न्यू'ची (नवा ऑब्जेक्ट बनवणारी) ओळ लूपच्या बाहेर राहिलीय, एकच ऑब्जेक्ट दहा वेळा भरून यादीत टाकला जातोय. ओळ लूपच्या आत घ्या.

यातल्या काही चुका यंत्रच सांगतं. पायथॉनसाठी पायलिंट (कोड तपासणारं साधन) चालवलं तर डीफॉल्टमधल्या यादीवर तो 'डेंजरस-डीफॉल्ट-व्हॅल्यू' म्हणून बोट ठेवतो. फुकट आहे, मिनिटभर लागतं. दुसऱ्याचा कोड हातात आला की मी सगळ्यात आधी तो चालवतो.

पाचवी तपासणी: नक्कल खरी आहे का

जन्माची जागा स्वच्छ निघाली तर नक्कल कुठे होते ते बघा. "मागच्या पट्टीवरून नवी बनव" अशी सोय दुकानदारांना फार आवडते आणि तिथे हा दोष हमखास असतो.

भावांची वाटणी होते, मधे बांध पडतो, पण विहीर सामायिकच राहते. पायथॉनचं 'कॉपी', यादीचा स्लाइस, जावास्क्रिप्टचे तीन टिंब, जावात जुन्या यादीवरून बनवलेली नवी अरे-लिस्ट, या सगळ्या अशा वाटण्या आहेत. बाहेरचा डबा नवा, आतल्या वस्तू त्याच. नव्या पट्टीतून एखादी ओळ काढून टाकली तर जुनीवर परिणाम होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण त्याच ओळीतलं वजन बदललं की जुन्या पट्टीतलंही बदलतं. तपासताना म्हणून आतली किंमत बदलून बघा, ओळ वाढवून किंवा काढून नव्हे.

खोलवरची नक्कल पायथॉनमध्ये 'डीप-कॉपी' करतं. जावास्क्रिप्टमध्ये 'स्ट्रक्चर्ड-क्लोन' आहे, त्यात क्लासच्या मेथड मात्र गळतात. जेसनमध्ये (मजकुराच्या रूपात) नेऊन परत आणायची जुनी युक्ती तारखांची स्ट्रिंग करून टाकते, आणि तारखेवर मेथड बोलावली की प्रोग्राम तिथे आपटतो.

आता एक कळकळीची विनंती. या टप्प्यावर अनेक जण सापडेल तिथे डीप-कॉपी पेरून मोकळे होतात. चूक त्या दिवशी थांबते आणि महिन्याभराने उलट्या बाजूने उगवते. एका डाळ मिलच्या सॉफ्टवेअरमध्ये मला हेच निस्तरावं लागलं. पट्टीची खोल नक्कल करताना तिच्यातल्या शेतकऱ्याचीही नक्कल होत होती. एका स्क्रीनवर शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक दुरुस्त केला, तो दुसऱ्या नकलेत पोचलाच नाही, आणि पैसे जुन्या खात्यावर गेले. तिथे ऑब्जेक्ट एकच असायला हवा होता आणि झाले होते दोन.

सहावी तपासणी: सामायिक काय असावं, हे कुणी ठरवलंय का

इथून पुढे बग शोधण्यापेक्षा रचना सुधारण्याचं काम जास्त आहे. एक दिवस लागेल, कधी आठवडा. पण दर हंगामाला तोच फोन येऊ नये असं वाटत असेल तर हेच करावं लागतं.

एक वही घ्या आणि तुमचे क्लास दोन रकान्यांत लिहा. पहिल्या रकान्यात ज्यांना स्वतःची ओळख आहे ते: शेतकरी, व्यापारी, वखार. शेतकऱ्याने गाव बदललं, फोन बदलला, तरी तो तोच माणूस असतो. असा ऑब्जेक्ट जाणूनबुजून एक ठेवायचा, सगळ्यांनी त्याच्याकडेच जायचं. दुसऱ्या रकान्यात नुसती मूल्यं: रक्कम, वजन, दर, तारीख, कपात. ४,२०० रुपये दर बदलून ४,२५० झाला तर तो दुसरा दर झाला. ही मूल्यं एकदा बनली की बदलताच येणार नाहीत अशी करायची. जे बदलतच नाही ते हजार ठिकाणी सामायिक राहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

पायथॉनमध्ये डेटाक्लासला 'फ्रोझन' लावा. जावात 'रेकॉर्ड' वापरा, जावा १६ पासून ते पक्के झालेत. दोन्हींच्या आत यादी ठेवली तर ती यादी मात्र बदलता येतेच. म्हणून पायथॉनमध्ये टपल (न बदलणारी यादी) ठेवा आणि जावात 'लिस्ट डॉट कॉपी-ऑफ', जे जावा १० पासून आहे. त्याऐवजी 'अनमॉडिफायेबल-लिस्ट' वापरून समाधान मानू नका. ती नुसती काच आहे. तुम्हाला तिच्यातून हात घालता येत नाही, पण मूळ यादी ज्याच्या हातात आहे त्याने केलेला बदल काचेतून दिसतच राहतो.

जावाच्या जुन्या 'डेट' क्लासचं उदाहरण मुद्दाम सांगतो. तो बदलता येतो. एका नोंदीची तारीख दुसरीला दिली आणि मग 'सेट-टाइम' केलं की दोन्हींची बदलते. २०१४ साली जावा ८ मध्ये 'जावा डॉट टाइम' आलं, त्यातल्या तारखा न बदलणाऱ्या आहेत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तारखा आपोआप सरकत असतील तर आधी हे बघा. न बदलणाऱ्या मूल्यांशी पहिल्यांदा गाठ पडते तेव्हा एक चूक सगळ्यांकडून होते: 'बिग-डेसिमल'वर 'अ‍ॅड' बोलावून उत्तर कुठेच साठवायचं नाही. मग बेरीज झालीच नाही असं दिसतं. 'अ‍ॅड' नवी रक्कम परत देतो, जुनी जशीच्या तशी राहते.

दोन्ही रकाने भरून झाले की पट्टी क्लासकडे या. तो स्वतःची कपातींची यादी गेटरमधून (आतली गोष्ट बाहेर देणाऱ्या मेथडमधून) बाहेर देतो का? देत असेल तर रिपोर्टचा कोड, प्रिंटचा कोड, मोबाइल अ‍ॅपचा कोड, कुणीही त्यात हात घालू शकतो. कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनवणाऱ्या मेथडमध्ये) बाहेरून आलेली यादी तशीच ठेवून घेतो का? मग देणाऱ्याच्या हातात किल्लीची दुसरी प्रत राहिली. आत येताना नक्कल करून घ्या, बाहेर देताना नक्कल किंवा टपल द्या.

याहून चांगलं म्हणजे यादी बाहेर मागण्याची गरजच काढून टाका. मी माझ्या पट्टी क्लासमधून कपातींचा गेटर काढला आणि तीन मेथड लिहिल्या: 'उचल वजा कर', 'हमाली लाव', 'हाती पडणारी रक्कम सांग'. गेटर काढल्याबरोबर सतरा ठिकाणी कोड मोडला. त्या सतरापैकी चार ठिकाणी कुणीतरी परस्पर यादीत भर घालत होतं, आणि त्यातल्या दोन जागा मला माहीतच नव्हत्या. एन्कॅप्सुलेशनची (ऑब्जेक्टने आपली माहिती आतच राखण्याची) व्याख्या परीक्षेसाठी आपण सगळ्यांनी पाठ केली, पण ती मला कळली त्या दिवशी. शिवाय उचल शेतकऱ्याच्या शिल्लक उचलीपेक्षा जास्त कापली जाऊ नये, ही तपासणी आता एकाच जागी बसली. आधी ती तीन स्क्रीनवर तीन तऱ्हांनी लिहिलेली होती.

इनहेरिटन्सबद्दल (एका क्लासवरून दुसरा क्लास बनवण्याबद्दल) थोडक्यात. मूळ क्लासने 'प्रोटेक्टेड' (पोटक्लासांना खुली) यादी ठेवली असेल आणि पोटक्लास तिच्यात थेट लिहीत असतील तर तीही सामायिक विहीरच. यादी 'प्रायव्हेट' (फक्त त्याच क्लासपुरती) करा.

गर्दीतच होत असेल तर

वेब सर्व्हरवर एकच ऑब्जेक्ट अनेक वापरकर्त्यांचं काम एकाच वेळी करतो. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये बीन (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट) वेगळं सांगितल्याशिवाय सिंगलटनच असतं, म्हणजे सगळ्यांना मिळून एक. जावाच्या सर्व्हलेटचंही (वेबवरची मागणी हाताळणाऱ्या क्लासचंही) तेच. अशा क्लासच्या फील्डमध्ये 'चालू शेतकरी' किंवा 'चालू पट्टी' ठेवली की दोन मुनीम एकदम बटन दाबतात तेव्हा एकाचा शेतकरी दुसऱ्याच्या पट्टीत जातो. उपाय सोपा आहे: चालू कामाची माहिती फील्डमध्ये ठेवू नका, मेथडच्या पॅरामीटरमधून न्या. जावाचा 'सिंपल-डेट-फॉरमॅट' स्टॅटिक करून ठेवला असेल तर तोही काढा. तो अनेक थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) एकदम वापरण्यासाठी बनवलेला नाही आणि चुकीच्या तारखा देतो. पायथॉनच्या वेब सर्व्हरवर मॉड्यूलच्या पातळीवर (फंक्शन-क्लासच्या बाहेर) लिहिलेल्या व्हेरिएबलचा असाच त्रास होतो. तिथे अनेक वर्कर प्रोसेस असतील तर प्रत्येकाची स्वतःची प्रत असते, म्हणून रिफ्रेश केलं की कधी बरोबर, कधी चूक असं दिसतं.

एवढं करून बघा. फील्ड काढल्या, स्टॅटिक काढले, चूक गेली, तर उत्तम.

कुठे थांबायचं

गेली नाही तर थांबा. थ्रेडच्या भांडणातली चूक डिबगर लावला की गायब होते, कारण ब्रेकपॉइंटमुळे (प्रोग्राम मधेच थांबवण्याच्या खुणेमुळे) वेळाच बदलतात. मग माणूस अंदाजाने इथे तिथे 'सिंक्रोनाइज्ड' (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावत सुटतो. त्याने चूक दुर्मीळ होते, जात नाही, आणि वर सर्व्हर अडकून बसायला लागतो. ज्याने हे काम प्रत्यक्ष निस्तरलंय अशा अनुभवी माणसाला पैसे देऊन बोलवा. मी स्वतः दोनदा बोलावलंय, एकदा पुण्याहून आणि एकदा छत्रपती संभाजीनगरहून. दोन्ही वेळा माझा आठवड्याभराचा गुंता त्यांनी दिवसात सोडवला.

चुकीचे आकडे डेटाबेसमध्ये पक्के झाले असतील, त्यावरून पैसे दिले-घेतले गेले असतील किंवा कराचं विवरण भरलं गेलं असेल, तरी थांबा. कोड तुम्ही दुरुस्त करा, हिशेब मात्र दुकानाच्या सीएसमोर बसूनच दुरुस्त व्हायला हवा. कुठल्या नोंदी चुकल्या याची यादी काढून देणं तुमचं काम, जुनी नोंद कशी उलटवायची हे ठरवणं त्यांचं.

आणि कोड दुसऱ्याचा आहे, चाचणी एकही नाही, हंगाम ऐन भरात आहे, अशा वेळी सहावी तपासणी सुरू करू नका. दर पट्टीला नवी यादी मिळेल एवढीच दुरुस्ती करा आणि बाकीचं यार्डात गर्दी ओसरल्यावर हाती घ्या.

जाणकाराला बोलवाल तेव्हा त्याच्या हातात एवढं द्या: चुकलेल्या दोन नोंदी आणि त्यांच्यातला फरक, त्या कोणत्या वेळी झाल्या, तेव्हा किती जण काम करत होते, रीस्टार्टनंतर काय झालं, आणि तुमची ती दोन शेतकऱ्यांची चाचणी.

माझ्याकडच्या त्या दिवशी चुकीच्या पट्ट्या अकरा निघाल्या. तीन शेतकरी पैसे घेऊन गावाकडे निघून गेले होते. मुनीमजींनी रात्रीच तिघांना फोन लावले आणि दुसऱ्या दिवशी राहिलेली रक्कम मोजून दिली. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्याचे ५,४२० रुपये तिथल्या तिथे मिळाले. त्याने ती चुकीची पट्टी माझ्याकडेच ठेवली, आणि ती अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.